लोकल मित्र

“अच्छा, म्हणजे ते लोकल मित्र तुम्हीच का?”

पडद्यावरच्या हिमानी मॅडमनी हे अगदी सहज विचारलं. आवाजात खोच नव्हती. उलट दोन गोष्टींचा मेळ लागल्याचं बारीकसं समाधान होतं. पण प्रसेनजितच्या मानेवरचा घामाचा ओघळ, जो मघापासून कॉलरशी थांबला होता, तो त्या क्षणी पाठीवर उतरला, आणि उतरत जाताना त्याला पूर्ण कळला. पंखा त्याने स्वतःच बंद केला होता, माईकमध्ये घरघर जाते म्हणून. हरिओमच्या शिकवणीच्या क्लासची ही खोली दुपारी रिकामी असायची. एरवी तिथे प्रसेनजित दहावीच्या पोरांना गणित शिकवायचा, आणि आज मुलाखतीसाठी हरिओमने खोलीची किल्ली आणि क्लासचा कॉम्प्युटर दोन्ही दिलं होतं. समोर पुण्याच्या कंपनीची दोन माणसं होती: टीम सांभाळणाऱ्या हिमानी मॅडम आणि फारसा न बोलणारा चिन्मय नावाचा इंजिनियर. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकोनात त्याचा स्वतःचा चेहरा होता. तो चेहरा हसत होता. आपण हसतोय हे त्याला तिथे बघून समजलं.

“काल एका उमेदवारांनी हाच प्रोजेक्ट दाखवला,” मॅडम पुढे म्हणाल्या. “वऱ्हाडी बोली ऐकून लिहिणारं मॉडेल. छान काम आहे. ते म्हणाले, रेकॉर्डिंग जमवायला एका लोकल मित्राची मदत झाली. तुमच्याही अर्जात तोच प्रोजेक्ट आहे, म्हणून विचारलं.”

उमेदवार म्हणजे गंधार. त्यात काही कोडं नव्हतं. दोघांनी एकाच दुपारी, गंधारच्या घरी, त्याच्याच लॅपटॉपवरून एकापाठोपाठ एक अर्ज भरले होते. प्रोजेक्ट दोघांचा असं सांगायचं, हे न बोलताच ठरलं होतं. आणि न बोलताच ठरलं होतं हे प्रसेनजितला आता, पंखा बंद असलेल्या खोलीत, कळत होतं. काल संध्याकाळी गंधारचा फोन आला होता. मस्त झाला बे इंटरव्ह्यू, म्हणाला, फार काही विचारत नाहीत, तू टेन्शन घेऊ नको. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. की नव्हता? दिवसदिवस माणसांचे आवाज कानाला लावून बसलेल्या प्रसेनजितला तो एक आवाज आता काही केल्या पुन्हा ऐकू येईना. लोकल. दुकानात विचारतात, कंपनीचं दाखवू की लोकल? दाढ काढताना डॉक्टर लोकल भूल देतो, तेवढाच भाग बधिर होतो, बाकीचा माणूस जागा राहून बघत असतो. तसं त्याचं आता झालं होतं. तो बघत होता.

गंधार इथला, बुलडाण्याचाच. वडील भालचंद्रकाका कोर्टात हेडक्लार्क होते, आई चारुलताकाकू शाळेत मराठी शिकवायच्या. प्रसेनजित अवसरमोल हा लोणार तालुक्यातल्या बीबी गावचा. वडील माणिकराव एसटीत कंडक्टर होते आणि मागल्या वर्षी निवृत्त झाले होते. इंजिनियरिंगला दोघांचे रोल नंबर लागून आले नसते तर मैत्री झालीच नसती, असं गंधार नेहमी म्हणायचा, आणि त्यात त्याला गंमत वाटायची. कॉलेज संपलं, नोकऱ्या कुणालाच लागल्या नाहीत. जो तो मशीन लर्निंग म्हणायचा. जो तो तेच तीन प्रोजेक्ट करायचा: फुलाच्या पाकळीवरून जात सांगणारं, घराची किंमत सांगणारं, बुडालेल्या जहाजातलं कोण वाचलं असतं ते सांगणारं. एका मुलाखतीत समोरच्या माणसाने प्रसेनजितची फुलं बघून डोळे चोळले होते आणि म्हटलं होतं, स्वतःचं काहीतरी करा हो, ही फुलं मी सकाळपासून बघतोय. त्याच आठवड्यात बीबीला घरी माणिकराव ओट्यावर बसून मोबाइलला सांगत होते, मले दवाखान्याचा नंबर पाह्यजे, आणि मोबाइल लिहीत होता, माळी दवाखान्याचा नंबर पाऊस. वडिलांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज बदलला, साहेबाशी बोलतात तसा केला, आणि म्हणाले, मला दवाखान्याचा नंबर पाहिजे. मग जमलं. माणिकराव खूश झाले, प्रसेनजित मात्र मोबाइलवरचं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिला. बुलडाण्याला आल्याआल्या त्याने ते गंधारला सांगितलं, आणि गंधार ताडकन उठून म्हणाला होता, हेच करू. हे खरं होतं. ‘हेच करू’ हे गंधारच म्हणाला होता.

आता ते कुणाचं धरायचं?

रेकॉर्डिंगला पहिल्यांदा दोघं मिळून मोताळ्याच्या बाजाराला गेले होते. मिरच्या विकणारी एक बाई जिभेवर लाही फुटावी तशी बोलत होती, आणि गंधारने पुढे होऊन अतिशय नम्रपणे म्हटलं, ताई, तुम्ही आपलं नेहमीसारखं बोला. त्याबरोबर बाईने पदर सारखा केला आणि ती रेडिओवरच्यासारखी बोलायला लागली. यंदा मिरचीचे उत्पादन बरे आहे. परतीच्या गाडीत दोघं पोट धरून हसले होते. त्यानंतर गंधार गेला नाही. तू जा, म्हणाला, तुझ्याशी बोलतात ते. मग प्रसेनजित एकटाच जात राहिला. पिंपळगाव राजाला, मोताळ्याला, आपल्या बीबीला. माणसं नातवंडांबद्दल, सोयाबीनवरच्या अळीबद्दल, जावयाबद्दल बोलायची, आणि रात्रीच्या जेवणाला थांबवून घ्यायची. आणलेले आवाज तो पुन्हा पुन्हा ऐकून, अक्षर अक्षर लिहून काढायचा. मॉडेल शिकवायचं काम गंधारच्या लॅपटॉपवर व्हायचं, कारण तसा लॅपटॉप त्याच्याकडेच होता. कोड जिथे चढवायचा ते खातंही गंधारचंच होतं. सगळं त्याच्याच नावाने चढलेलं होतं. तेव्हा त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं. एकाच घरातल्या विहिरीवर कुणी नावं लिहीत नाही.

“प्रसेनजित? आवाज येतोय ना?”

“हो. येतोय,” तो म्हणाला. “तो मित्र मीच.”

म्हणून झालं, आणि त्याला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच भीती वाटली की हे हलकं वाटणं म्हणजेच हरणं. असंच त्याचं होत आलेलं होतं. भांडणाच्या तोंडाशी आलं की आतून कुणीतरी म्हणायचं, जाऊ दे, आणि त्या जाऊ देण्यालाच तो चांगुलपणा समजायचा.

“मग तुम्ही नेमकी काय मदत केलीत?” हे चिन्मयने विचारलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तो बोलला होता. “म्हणजे रेकॉर्डिंग सोडून.”

मदत. प्रसेनजितने पाण्याची बाटली उचलली आणि झाकण न काढताच खाली ठेवली. त्याला गंधारच्या घरातली माडीवरची खोली दिसली. मॉडेल तयार झालं होतं आणि ते हटवादीपणे चुकत होतं. गंधार म्हणत होता, डेटा कमी पडतोय, अजून आवाज आण. प्रसेनजित अजून आवाज आणत होता, तरी ते चुकतच होतं. एकदा तो नुसता चुकाच वाचत बसला, मोताळ्याच्या, पिंपळगावच्या, आपल्या आईच्या. वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं की या चुका ऐकण्याच्या नाहीत. आई म्हणाली होती, त्याले काऊन मारलं. मॉडेलने लिहिलं होतं, त्याला का मारलं. चुकलं कुठे? अर्थ बरोबर होता. नुसता बरोबर नव्हता, सुधारलेला होता. मॉडेलचा खालचा भाग आवाज नीट ऐकत होता, पण त्याच्यावर त्यांनी शब्दांचा अंदाज बांधणारं जे दुसरं मॉडेल बसवलं होतं ते वर्तमानपत्रं वाचून शिकलेलं होतं. हे बहिरं नाही बे, प्रसेनजित म्हणाला होता, हे शिकेल हाय. हे आपल्याले सुधरून राह्यलं. गंधार खुर्ची फिरवून त्याच्याकडे बघत राहिला होता. मग प्रसेनजितने ते वरचं मॉडेल काढून टाकलं आणि स्वतः लिहून काढलेल्या मजकुरावर नवं शिकवलं, शेजारी बसून, गंधारकडून कीबोर्ड ओढून घेऊन. चुका निम्म्यावर आल्या. त्या दिवशी चारुलताकाकूंनी शिरा केला होता आणि वाढताना हसून म्हणाल्या होत्या, म्हणजे आमच्या गंधारने तुमची भाषा वाचवली म्हणायची. प्रसेनजितही हसला होता. गंधार खाली बघून खात होता.

त्याने पुण्याच्या दोन माणसांना हे सगळं सांगितलं. आधी नीट, तयारी केलेल्या मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द पेरत. मग आईचं वाक्य सांगताना भाषा घसरली, आणि ती परत वर ओढायला त्याच्याकडे वेळ नव्हता. “म्या म्हटलं, हे वरचं काढून पाहू,” तो म्हणाला, आणि तसाच पुढे बोलत गेला. चिन्मय काहीतरी टिपून घेत होता. हिमानी मॅडमच्या कपाळावर एक रेघ उमटली.

“हे कालच्या बोलण्यात आलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “कोडही सगळा त्यांच्या नावाने दिसतोय. म्हणजे त्यांनी आम्हाला चुकीचं सांगितलं, असं तुमचं म्हणणं आहे का?”

क्लासच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता. प्रसेनजित त्यातल्या एका चौकोनाकडे बघत राहिला. हो म्हटलं तर मित्राची तक्रार करणारा माणूस कुणाला हवा असतो. नाही म्हटलं तर आत्ता सांगितलेलं सगळं खोटं. आणि त्याहून खाली, जिथे बोट घालायला भीती वाटते अशा जागी, त्याला हो म्हणायचंच होतं. फार म्हणायचं होतं. गंधारचं तोंड बघायचं होतं.

“त्यानं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही,” तो म्हणाला. “मी काय केलं ते मी सांगितलं. तुम्ही ते तपासा. वाटल्यास आत्ता तपासा.”

त्यांनी तपासलं. चिन्मयने दुसऱ्याच कुठल्या बोलीचं, चुकांनी भरलेलं लिखाण पडद्यावर आणलं आणि विचारलं, यात गडबड कुठे आहे. प्रसेनजित वाचत गेला, बोलत गेला. या चुका ऐकण्याच्या, या सुधारण्याच्या, आणि या तिसऱ्या, जिथे लिहिणाऱ्या माणसानेच कंटाळून काहीबाही लिहिलंय. ते त्याला येत होतं. पण मग चिन्मयने विचारलं, मॉडेल शिकवण्याची गती तुम्ही सुरुवातीला मुद्दाम कमी ठेवून मग वाढवलीय, ते कशासाठी? तिथे प्रसेनजित थांबला. हे गंधारने केलं होतं. गंधारने समजावूनही सांगितलं होतं आणि प्रसेनजितने मान डोलावली होती.

“ते गंधारनं ठरवलं,” तो म्हणाला. “मला ते नीट येत नाही. त्याला चांगलं येतं.”

“ठीक आहे,” चिन्मय म्हणाला. कॉल संपला, पडदा काळा झाला, आणि त्यात प्रसेनजित आणखी मोठा दिसायला लागला.

गंधार संगम तलावाच्या कठड्यावर बसला होता. मुलाखत झाली की तिथे भेटायचं, हे ठरलेलं होतं. त्याने दोन कचोऱ्या आणून ठेवल्या होत्या, कागदाला तेल सुटलं होतं. “झाला?” तो म्हणाला. प्रसेनजित बसला नाही. त्याने सायकलींचा आवाज, तलावाचा शेवाळी वास, गंधारची नखं खाल्लेली बोटं, सगळं एकदम घेतलं, आणि म्हणाला, “त्यायनं विचारलं, लोकल मित्र तुम्हीच का.”

गंधारने तेलकट कागद कचोऱ्यांवर दुमडला. “तोंडातून गेलं रे,” तो म्हणाला. “त्यांनी विचारलं, एकट्याने केलंस का. मला वाटलं, दोघं म्हटलं तर अर्धं धरतील. आणि तुझं नाव घेतलं असतं तर तुलाच अडचण झाली असती. एकच प्रोजेक्ट दोघांचा म्हणून दोघांनाही बाद केलं असतं.”

“म्हणून तू मले वाचवलं.”

“तसं नाही म्हणत मी.”

“लोकल काऊन म्हटलं पण?” प्रसेनजितचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो त्याला स्वतःलाच परका वाटला. “तू कुठचा बे मंग? तुहा जनम इथल्याच दवाखान्यातला.”

 गंधार मान खाली घालून म्हणाला, “तू काय सांगितलंस?” आणि त्या प्रश्नात इतकी उघडी भीती होती की प्रसेनजितला क्षणभर त्याची दया आली, आणि ती दया येणं त्याला आवडलं, आणि आवडल्याचा राग आला. “म्या काय केलं तेवढंच सांगतलं,” तो म्हणाला आणि निघाला. कचोरी तशीच राहिली.

पुढचे दिवस विचित्र गेले. नेहमीच्या अभ्यासिकेत दोघं येत होते, पण गंधार खिडकीजवळ बसायचा आणि तो दारापाशी. फोन वाजला की दोघांच्याही माना एकदम उचलल्या जायच्या. प्रसेनजितला झोपेत स्वतःचा आवाज ऐकू यायचा, रेकॉर्ड केल्यासारखा, आणि त्याच्याखाली कुणीतरी लिहीत असायचं. काय लिहितंय ते दिसायचं नाही. मग एके सकाळी, तो पोरांना समीकरणं घालून देत असताना, हिमानी मॅडमचा फोन आला. त्याला घेतलं होतं. सहा महिने कामावर ठेवून बघू, म्हणाल्या, गणिताची बाजू भरून काढावी लागेल. गंधारबद्दल त्याने विचारलं नाही. त्यांनीच थांबून सांगितलं की या वेळी एकच जागा होती. तो व्हरांड्यात उभा राहिला. आत पोरं गलका करत होती. आनंद होत होता, पण पाय ओला असताना मोजा चढवावा तसा, अडकत अडकत.

त्याने घरी फोन लावला. माणिकरावांनी ऐकून घेतलं, प्रसेनजितच्या आईला, सिंधूताईला, हाक मारून सांगितलं, मग पुन्हा फोनवर आले आणि पहिलं विचारलं ते हे: “गंधारले लागली का?”

“नाही.”

ओट्यावरून कुणीतरी जात होतं, त्याला रामराम घालून झाला. मग वडील म्हणाले, “त्याच्या घरी जाऊन ये. तू सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तं चांगलं नाही दिसत.”

“बाबा, त्यानं माह्यं नाव नव्हतं घेतलं.”

“हाव?” माणिकराव म्हणाले. “मंग तं जाच.”

गंधारच्या घरी बातमी आधीच पोचली होती. गंधारला नकाराची मेल आली होती, आणि पुढचं त्यांनी जुळवलं होतं. भालचंद्रकाकांनी दार उघडलं, ये, बस, म्हणाले. गंधार आतल्या खोलीच्या चौकटीला टेकून उभा होता. चारुलताकाकू समोर बसल्या आणि हसल्या. ते हसणं त्यांनी बाहेरच्या खोलीत येण्याआधीच लावून घेतलं असावं असं दिसत होतं. “अभिनंदन हो,” त्या म्हणाल्या. “आम्हाला आनंदच आहे. पण एक विचारू का? सगळं आमच्याच घरी झालं ना, आमच्याच लॅपटॉपवर? रात्र रात्र बसलेला असायचा गंधार. तू थोडं त्याचंही नाव पुढे करायचं होतंस, बाळा. मला एवढंच वाटलं.”

प्रसेनजितने गंधारकडे बघितलं. आता तो बोलेल. एवढंच करायचं होतं त्याला, एक वाक्य. 

“जाऊ दे ना आई,” गंधार म्हणाला. “झालं ते झालं.”

किती उदार वाक्य होतं. ते ऐकून काकूंचे डोळे भरून आले. प्रसेनजितला कळलं की या वाक्यानंतर आपण गप्प राहिलो तर या घरात, आणि या घरातून कोर्टात, शाळेत, सगळ्या बुलडाण्यात, एक गोष्ट कायमची लिहिली जाईल आणि ती ऐकायला बरोबर वाटेल. आतलं कुणीतरी म्हणालं, जाऊ दे. त्याने त्याचं ऐकलं नाही. 

“काका, तसं नाही झालं,” तो म्हणाला. “मी सांगतो.”

आणि त्याने सांगितलं, ओट्यावरच्या मोबाइलपासून. हेच करू, असं गंधार म्हणाला तेही सांगितलं. मोताळ्याची बाई, चुकांचं वाचन, कीबोर्ड, शिकवण्याची गती जी त्याला अजून कळलेली नव्हती, मुलाखत, लोकल मित्र. कुठेही आवाज वाढला नाही. काकूंनी मध्ये एकदा तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला. सांगून झाल्यावर भालचंद्रकाका चष्मा काढून बसले. कोर्टात तीस वर्षं त्यांनी माणसांना शपथेवर बोलताना ऐकलं होतं.

“गंधार,” ते म्हणाले, “त्याचं नाव घेतलं होतंस का तू?”

“नाही,” गंधार म्हणाला.

बस, एवढंच. कुणी रागावलं नाही. काकू उठून आत गेल्या, आणि आत भांड्यांचा आवाज आला नाही, म्हणजे त्या नुसत्याच उभ्या असाव्यात. प्रसेनजितला वाटलं होतं, हे झालं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. समोर फक्त एक मुलगा होता ज्याने बापासमोर खरं सांगितलं होतं.

“कधी निघणार?” गंधारने विचारलं. त्याच्याकडे न बघता.

“सोमवारी.”

“राहायचं काय?”

“नाही ठरलं.”

“माझा मावसभाऊ आहे तिथे. त्याच्या खोलीत एक...” गंधार म्हणाला, आणि वाक्य तिथेच राहिलं. प्रसेनजितने थोडी वाट पाहिली. मग तो उठला, काकांना नमस्कार केला आणि चपला घातल्या. मागून कुणी आलं नाही.

स्टँडवर बीबीकडे जाण्यासाठी मेहकरची गाडी लागलेली होती. तो चढला, खिडकीशी बसला. ड्रायव्हर खाली चहा पीत होता. खिशात फोन थरथरला. गंधारचा मेसेज होता: एक नाव आणि एक नंबर. वर काही नाही, खाली काही नाही. प्रसेनजित त्या आकड्यांकडे बघत राहिला. त्या मावसभावाला फोन करायचा, तर आपण कोण म्हणून सांगायचं, हे त्याला सुचेना. गंधारचा मित्र, असं तोंडात आलं, आणि तिथेच घोटाळलं. गाडी सुरू झाली, काच खडखडायला लागली. त्याने उत्तर दिलं नाही. पण नंबर ठेवला.